किरकोळ भाजण्यावरील वनस्पतिजन्य उपचार

किरकोळ भाजण्यावरील वनस्पतिजन्य उपचार म्हणजे त्वचेच्या वरच्या थरांपुरत्या मर्यादित, लहान आकाराच्या भाजण्यावर वनस्पतींचा गर, रस, पाने, साली व तेले वापरून केले जाणारे घरगुती, पारंपरिक अथवा वैद्यकीय उपचार होत. फुलांच्या रसापासून मधमाश्यांनी तयार केलेला मध आणि औषधी द्रव्यांचे वाहन म्हणून वापरले जाणारे तूप यांचाही विचार सामान्यतः याच गटात केला जातो. कोरफड, मध, केळीचे पान, हळद आणि निरनिराळी तेले ही या गटातील प्रमुख द्रव्ये आहेत. त्यांपैकी काहींच्या उपयोगाला रुग्णालयांतील चाचण्यांचा आधार आहे. काहींचा वापर केवळ परंपरेने चालत आला आहे, तर काही द्रव्ये ताज्या भाजण्यावर अपायकारक ठरतात. कोणतेही द्रव्य लावण्यापूर्वी भाजलेला भाग वाहत्या पाण्याने थंड करणे हा सर्वमान्य पहिला उपचार आहे.

## संज्ञा

उष्णतेने त्वचेला होणाऱ्या इजेसाठी मराठीत अनेक क्रियापदे व नामे आहेत आणि त्यांच्या अर्थच्छटा उपचाराच्या दृष्टीनेही उपयुक्त आहेत. तापलेल्या तव्याला किंवा दुचाकीच्या सायलेन्सरला क्षणभर स्पर्श झाला, तर ‘चटका’ बसतो. उकळते पाणी, चहा, वरण वा तेल अंगावर सांडले, तर माणूस ‘पोळतो’. ज्वाळेने किंवा निखाऱ्याने ‘भाजते’ आणि मोठ्या आगीच्या झळांनी माणूस ‘होरपळतो’. यांतील चटका आणि लहान प्रमाणातील पोळणे एवढेच सामान्यतः घरगुती उपचारांच्या कक्षेत येते. होरपळणे हा नेहमीच रुग्णालयीन उपचारांचा विषय आहे.

## भाजण्याची खोली आणि ‘किरकोळ’पणाचे निकष

त्वचेचे बाह्यत्वचा आणि अंतस्त्वचा असे दोन मुख्य थर असतात. इजा कोणत्या थरापर्यंत पोहोचली, यावरून भाजण्याचे प्रकार ठरतात.

- केवळ बाह्यत्वचेचे भाजणे: त्वचा लाल होते, आग होते, पण फोड येत नाही. ही इजा साधारणतः आठवड्याभरात डाग न राहता बरी होते.
- अंतस्त्वचेच्या वरच्या भागापर्यंतचे भाजणे: पाणी भरलेले फोड येतात, त्वचा ओलसर व गुलाबी दिसते आणि वेदना तीव्र असतात. जंतुसंसर्ग न झाल्यास जखम दोन ते तीन आठवड्यांत भरते.
- अंतस्त्वचेच्या खोल भागापर्यंतचे भाजणे: त्वचा फिकट किंवा डागाळलेली दिसते, वेदना कमी जाणवतात व व्रण राहतो.
- पूर्ण जाडीचे भाजणे: त्वचा पांढरी, तपकिरी वा काळी व चिवट होते. संवेदना वाहून नेणारे मज्जातंतूच नष्ट झाल्यामुळे त्या जागी दुखत नाही.

‘दुखत नाही, म्हणजे फारसे भाजले नाही’ ही समजूत त्यामुळे चुकीची व धोकादायक आहे.

भाजलेल्या भागाचा आकार मोजण्यासाठी रुग्णाच्या स्वतःच्या तळहाताचे माप वापरतात. बोटांसह तळहात हा शरीराच्या एकूण पृष्ठभागाच्या सुमारे १ टक्का असतो. तळहातापेक्षा लहान आणि चेहरा, हात, पाय, सांधे व जननेंद्रिये यांखेरीज इतरत्र असलेले वरवरचे भाजणे ‘किरकोळ’ समजावे, असा व्यवहारात वापरला जाणारा ढोबळ नियम आहे. लहान मुले, वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि मधुमेही रुग्ण यांच्या बाबतीत लहान इजाही डॉक्टरांना दाखवणे योग्य ठरते.

## प्रथमोपचार: आधी पाणी

उष्णतेचा स्रोत दूर झाला, तरी त्वचेत शिरलेली उष्णता काही काळ आतील थरांत पसरत राहते व इजा वाढवते. म्हणून भाजलेला भाग साध्या थंड वाहत्या पाण्याखाली सुमारे २० मिनिटे धरावा. भाजल्यानंतर ३ तासांच्या आत असे केल्यास वेदना, सूज आणि इजेची खोली कमी होण्यास मदत होते. घरात नळ नसल्यास हातपंपाचे किंवा पिण्याचे स्वच्छ पाणी तांब्याने सतत ओतत राहावे. तलाव वा बोडीतील साचलेले पाणी फुटलेल्या त्वचेवर टाळावे. बर्फ लावू नये. त्यामुळे त्वचेचा रक्तपुरवठा आकसून इजा वाढते. अंगठी, बांगड्या, जोडवी, घड्याळ इत्यादी वस्तू सूज येण्यापूर्वी काढाव्यात. त्वचेला चिकटलेले कापड मात्र ओढून काढू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रथमोपचारविषयक सूचनांमध्ये भाजलेल्या जागी कोणताही लेप, तेल, हळद किंवा कच्चा कापूस लावू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. याच संघटनेच्या माहितीनुसार भारतात दरवर्षी १० लाखांहून अधिक व्यक्तींना मध्यम वा गंभीर स्वरूपाचे भाजते. म्हणजेच प्रस्तुत लेखातील वनस्पतिजन्य उपचारांचे स्थान पाण्यानंतरचे आहे. पाण्याऐवजी ते करता येत नाहीत.

## गोंदिया जिल्ह्यातील पार्श्वभूमी

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला असलेला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. मध्य प्रदेश व छत्तीसगड या राज्यांच्या सीमेवरील या जिल्ह्यात आठ तालुके असून त्याचा मोठा भाग वनाच्छादित आहे. धानाची शेती, भातगिरण्या, तलाव आणि मोहफूल, तेंदूपत्ता यांसारखे वनोपज यांवर येथील ग्रामीण जीवन आधारलेले आहे.

भाजण्याचे अनेक प्रसंग याच जीवनक्रमातून उद्भवतात. चुलीवरचा स्वयंपाक, उकडा (उसना) तांदूळ तयार करताना लागणारे उकळते पाणी व वाफ, तसेच धानाच्या तुसाची राख हे त्यांतील नेहमीचे धोके होत. तुसाची राख वरून काळी व थंड दिसली, तरी आत बराच वेळ निखारा धरून ठेवते. तिच्या ढिगावर अनवाणी पाय पडल्यास तळपाय खोलवर भाजू शकतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवण्याची जुनी पद्धत आहे. त्यातून वणवा लागण्याचा आणि वेचणाऱ्यांना इजा होण्याचा धोका असतो.

वनोपजावर जगणाऱ्या येथील गोंड, हलबा आदी समाजांत वनस्पतींच्या औषधी उपयोगाचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या मौखिक रूपाने चालत आले आहे. सीमावर्ती भाग असल्यामुळे एकाच वनस्पतीला मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी व छत्तीसगडी अशा वेगवेगळ्या भाषांतील नावे ऐकू येतात. उदाहरणार्थ, कोरफडीला हिंदीत ‘ग्वारपाठा’ किंवा ‘घृतकुमारी’ आणि पळसाच्या फुलांना ‘टेसू’ म्हणतात. औषध सांगणाऱ्याची व आणणाऱ्याची भाषा वेगळी असल्यास भलतीच वनस्पती वापरली जाण्याची शक्यता असते.

जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तथापि देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतील वनक्षेत्रातल्या गावांपासून ते दूर पडते. अशा गावांत भाजल्यानंतरचे पहिले काही तास बहुधा घरीच जातात. त्यामुळे कोणते भाजणे घरी सांभाळता येईल आणि कोणते नाही, हा निर्णय येथे औषधाच्या निवडीपेक्षाही महत्त्वाचा ठरतो.

## आयुर्वेदीय ग्रंथांतील विचार

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील बाराव्या अध्यायात (अग्निकर्मविधी) भाजण्याचे प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध व अतिदग्ध असे चार प्रकार सांगितले आहेत. त्वचेचा रंग बदलणे व आग होणे ही प्लुष्टाची लक्षणे होत. दुर्दग्धात फोड येतात व तीव्र वेदना होतात. अतिदग्धात मांस लोंबते आणि शिरा, स्नायू व सांधे यांचा नाश होतो. लक्षणांवरून खोली ठरवण्याची ही पद्धत आजच्या वर्गीकरणाशी बरीच मिळतीजुळती आहे. याच अध्यायात धूर छातीत गेल्याने होणाऱ्या विकाराचाही स्वतंत्र विचार केलेला आहे.

उपचारांच्या बाबतीत मात्र एक महत्त्वाचा फरक दिसतो. प्लुष्टावर शेक व उष्ण औषधे द्यावीत, असे सुश्रुतसंहिता सांगते, तर आजचे शास्त्र अशा भाजण्यावर तत्काळ थंड पाणी वापरण्यास सांगते. सम्यग्दग्धासाठी वंशलोचन, पिंपरीची साल, चंदन, गेरू व गुळवेल यांचा तुपातील लेप सुचवलेला आहे. जखम भरून येण्यासाठी मेण, ज्येष्ठमध, लोध्र, राळ, मंजिष्ठा, चंदन व मोरवेल यांनी सिद्ध केलेले तूप सांगितले आहे. पाण्याने शंभर वेळा धुऊन पांढरे व मऊ केलेले ‘शतधौत घृत’ हे दाह शमवण्यासाठी आजही वापरले जाणारे आयुर्वेदीय कल्पन आहे.

## प्रमुख द्रव्ये

### कोरफड

कोरफडीच्या पानातील पारदर्शक गरात बहुतांशी पाणी व बहुशर्करा असतात. गर त्वचेवर ओलावा टिकवतो आणि आग कमी करतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात ४ अभ्यासांतील ३७१ रुग्णांचा विचार करण्यात आला. त्यात कोरफडीने उपचार केलेल्या जखमा सरासरी सुमारे ९ दिवस लवकर भरल्याचे आढळले. २०१२ सालच्या कॉक्रेन आढाव्याने मात्र जखमांवरील उपचार म्हणून कोरफडीविषयी उपलब्ध असलेला पुरावा अपुरा असल्याचे नमूद केले.

पान कापल्यावर सालीलगत पिवळा, कडू चीक दिसतो. या चिकाने त्वचेची आग व पुरळ होऊ शकते. म्हणून पान धुऊन, कापून, काही वेळ उभे ठेवून चीक निथळू द्यावा आणि मगच आतील गर स्वच्छ चमच्याने काढावा. हा गर न फुटलेल्या, केवळ लाल झालेल्या त्वचेवरच लावावा.

### मध

भाजण्यावरील मधाच्या वापराचा महत्त्वाचा अभ्यास महाराष्ट्रात झाला. सोलापूर येथील डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये १०४ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. निम्म्या रुग्णांच्या जखमांवर मध आणि निम्म्यांच्या जखमांवर त्या काळचे प्रचलित औषध सिल्व्हर सल्फाडायझिन वापरण्यात आले. मधाच्या गटातील ८७ टक्के जखमा १५ दिवसांत भरल्या, तर दुसऱ्या गटात हे प्रमाण १० टक्के होते. पुढे त्यांनी मधाची तुलना बटाट्याच्या उकडलेल्या सालींशीही केली व त्यातही मध सरस ठरला.

मधातील साखरेचे मोठे प्रमाण जखमेतील पाणी ओढून घेते, त्याची आम्लता जंतूंना मारक ठरते आणि त्यातील विकरामुळे अल्प प्रमाणात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होत राहतो. २०१५ सालच्या कॉक्रेन आढाव्यात, अंशतः खोल भाजण्यावर मध हा नेहमीच्या मलमपट्टीपेक्षा सुमारे चार ते पाच दिवस लवकर गुण देतो, असा निष्कर्ष आहे.

आज रुग्णालयांत वापरला जाणारा वैद्यकीय मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. आग्या मोहोळाचे पोळे पिळून काढलेल्या रानमधात मेण, परागकण, माती व जंतूंची बीजुके असू शकतात. बाटलीतील मध भेसळयुक्तही असू शकतो. त्यामुळे चाचण्यांतील निष्कर्ष अशा मधाला आपोआप लागू होत नाहीत. उघड्या जखमेवर मध लावावयाचा झाल्यास तो वैद्यकीय सल्ल्यानेच वापरावा.

### केळीचे पान आणि बटाट्याची साल

भाजलेल्या जखमेची पट्टी बदलणे अत्यंत वेदनादायक असते, कारण कापडी जाळी जखमेला चिकटते. यावर स्वस्त उपाय म्हणून मुंबईत दोन प्रयोग झाले. बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयाचे डॉ. एम. एच. केसवानी व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्टीविषयी प्राथमिक अहवाल प्रसिद्ध केला. पुढे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉ. माधुरी गोरे व सहकाऱ्यांनी केळीच्या पानांच्या पट्टीचा अभ्यास करून २००३ मध्ये निष्कर्ष मांडले. केळीच्या पानाची पट्टी बटाट्याच्या सालीइतकीच परिणामकारक आणि तिच्यापेक्षा स्वस्त व तयार करण्यास सोपी असल्याचे त्यात आढळले. केळीचे पान मेणचट व गुळगुळीत असल्याने जखमेला चिकटत नाही आणि काढताना दुखत नाही.

या दोन्ही पट्ट्यांचा उपयोग आवरण म्हणून आहे. पान वा साल यांतून एखादे औषध जखमेत उतरावे, हा त्यामागील हेतू नाही. शिवाय त्या रुग्णालयात निर्जंतुक करून वापरल्या गेल्या होत्या. परसातील न धुतलेले केळीचे पान किंवा स्वयंपाकघरात प्रचलित असलेला कच्च्या बटाट्याचा कीस म्हणजे ही पट्टी नव्हे.

### हळद

हळदीतील कुर्कुमिन या घटकाचे सूज कमी करणारे व जंतुरोधक गुण प्रयोगशाळेतील आणि प्राण्यांवरील अभ्यासांत दिसून आले आहेत. मात्र घरातील हळदपूड निर्जंतुक नसते. ती ओल्या जखमेवर चिकटून खपली धरते आणि ती काढताना नवी त्वचा सोलली जाते. पिवळ्या रंगामुळे त्वचेचा मूळ रंग झाकला जाऊन भाजण्याची खोली ठरवणेही डॉक्टरांना कठीण जाते. ताज्या भाजण्यावर हळद लावू नये, याचे हे व्यावहारिक कारण आहे.

### तेल, तूप व चुन्याची निवळी

खोबरेल तेल, तीळतेल, तूप आणि पूर्व विदर्भात उपलब्ध असणारे मोहाच्या बियांचे तेल ही त्वचेला मऊपणा देणारी द्रव्ये आहेत. जखम पूर्ण भरल्यानंतर नव्या, कोरड्या व खाजणाऱ्या त्वचेवर ती हलक्या हाताने लावता येतात. ताज्या भाजण्यावर मात्र तेलाचा थर उष्णता आत कोंडून ठेवतो आणि त्यावर धूळ बसते.

चुन्याची निवळी व जवसाचे तेल समप्रमाणात घोटून केलेले मिश्रण एके काळी पाश्चात्त्य वैद्यकातही रूढ होते. स्कॉटलंडमधील कॅरन येथील लोखंडाच्या कारखान्यावरून त्याला ‘कॅरन तेल’ हे नाव पडले. भारतात जवसाच्या जागी खोबरेल तेलही वापरले जाई. धानाच्या उभ्या पिकात ‘उतेरा’ पद्धतीने जवस पेरणाऱ्या पूर्व विदर्भात ही दोन्ही द्रव्ये सहज मिळणारी आहेत. आता हे मिश्रण प्रमाण उपचारांतून बाद झाले आहे. निवळीऐवजी चुकून खाण्याचा चुना लावल्यास त्याच्या तीव्र अल्कधर्मामुळे रासायनिक दाह होऊन मूळ इजेत भर पडते.

### रानातील पाला व साली

कंबरमोडी (एकदांडी) या सर्वत्र उगवणाऱ्या तणाच्या पानांचा रस ग्रामीण भागात खरचटल्यावर व कापल्यावर लावतात. भाजल्यावर त्याचा वापर करण्यात धोका आहे. जमिनीलगतच्या पानांबरोबर धनुर्वाताचे जंतू जखमेत शिरू शकतात आणि भाजलेली मृत त्वचा त्यांच्या वाढीला पोषक ठरते. अर्जुन, बाभूळ, हिरडा यांच्या साली व फळांत टॅनिन हे तुरट द्रव्य असते. त्यामुळे त्यांचा काढा लावल्यास जखमेवर कोरडा थर धरतो.

याच टॅनिनचा इतिहास उद्बोधक आहे. १९२५ मध्ये डेट्रॉइट येथील डॉ. एडवर्ड डेव्हिडसन यांनी भाजण्यावर टॅनिक आम्लाचा उपचार रूढ केला आणि तो जगभरातील रुग्णालयांत पसरला. १९४० च्या दशकात या आम्लामुळे यकृताला इजा होत असल्याचे लक्षात आल्यावर तो मागे पडला. एखादे द्रव्य वनस्पतिजन्य आहे म्हणून ते निरुपद्रवी असेलच असे नाही, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

मेंदीचा लेप थंडाव्यासाठी लावला जातो. तथापि जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बालकांत मेंदी मोठ्या भागावर लावल्यास रक्तपेशी फुटून जीवघेणा पंडुरोग होऊ शकतो. मध्य भारतातील काही आदिवासी समाजांत ही कमतरता आढळते. त्यामुळे लहान मुलांच्या भाजलेल्या त्वचेवर मेंदी टाळणे इष्ट आहे.

## पुराव्यांच्या मर्यादा

वनस्पतिजन्य द्रव्यांवरील चाचण्या वाचताना तीन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली म्हणजे, यांतील अनेक चाचण्यांत तुलनेसाठी सिल्व्हर सल्फाडायझिन घेतलेले आहे. हे औषध स्वतःच जखम भरण्याचा वेग कमी करते, असे पुढे दिसून आले. त्यामुळे त्याच्यापेक्षा सरस ठरलेले द्रव्य आजच्या आधुनिक पट्ट्यांपेक्षाही सरस असेलच, असे म्हणता येत नाही. दुसरी म्हणजे, मधावरील पुराव्याचा मोठा वाटा एकाच संशोधकाच्या अभ्यासांतून आलेला आहे. तिसरी म्हणजे, वरवरचे भाजणे कोणत्याही औषधाविना आठवड्याभरात बरे होते. त्यामुळे ‘आमच्याकडे याने गुण येतो’ या अनुभवातून द्रव्याचा गुण आणि त्वचेची स्वतःची भरून येण्याची क्षमता यांत भेद करता येत नाही.

## घरगुती वापराचे नियम

1. प्रथम २० मिनिटे पाणी; इतर काहीही त्यानंतर.
2. फोड फोडू नयेत. फोडाची त्वचा हे जखमेचे नैसर्गिक आवरण असते.
3. त्वचा अखंड असल्यासच कोरफडीसारखा गर लावावा. तोही आधी हाताच्या निरोगी त्वचेवर थोडासा लावून पाहावा.
4. फुटलेल्या त्वचेवर पाला, पूड, लेप, टूथपेस्ट, शाई किंवा राख लावू नये. स्वच्छ, न चिकटणारे कापड सैल झाकावे.
5. धनुर्वात प्रतिबंधक लसीविषयी आरोग्य केंद्रात विचारणा करावी.

## दवाखान्यात केव्हा न्यावे

भाजलेला भाग तळहातापेक्षा मोठा असणे, त्वचा पांढरी वा काळी पडणे किंवा बधिर होणे, चेहरा, हात, पाय, सांधे अथवा जननेंद्रियांवर भाजणे, वीज वा रसायनाने भाजणे, धूर छातीत जाऊन आवाज घोगरा होणे किंवा श्वास लागणे यांपैकी काहीही असल्यास घरगुती उपचारांत वेळ न घालवता रुग्णाला दवाखान्यात न्यावे. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. घरी सांभाळत असलेल्या भाजण्यात लाली पसरणे, पू, दुर्गंधी वा ताप दिसल्यास, किंवा जखम दोन आठवड्यांत न भरल्यासही डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रुग्णाला नेताना जखमेवर कोणतेही द्रव्य लावलेले नसेल, तर तपासणी सुलभ होते. काही लावले असल्यास कोणती वनस्पती, तिचा कोणता भाग आणि केव्हा लावला, हे डॉक्टरांना न लपवता सांगावे.

## हेही पाहा

- कोरफड
- प्रथमोपचार
- धनुर्वात
- सुश्रुतसंहिता
- गोंदिया जिल्हा